फोर्ट्रान, सी प्लस प्लस, पायथॉन: तीन भाषांचं एकच सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅकवर बिल्ड करायचं तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ऑफिस, दुपारची वेळ, कीबोर्डवर काळ्या वाळूचा बारीक थर, आणि माझ्या लॅपटॉपवर शेकडो वेळा चाललेला प्रोग्राम मी पेन ड्राइव्हमधनं त्यांच्या विंडोज पीसीवर टाकून डबल क्लिक केला. एक छोटी खिडकी आली, लिबजीफोर्ट्रान-५ डॉट डीएलएल सापडत नाही. (डीएलएल म्हणजे प्रोग्राम चालताना लागणारी वेगळी लायब्ररी फाइल.) ती फाइल आणून शेजारी ठेवली तर लिबक्वाडमॅथ सापडत नाही, ती ठेवली तर तिसरीच. मागं उभे असलेले मोल्डिंगचे मामा म्हणाले, "हे असं एकेक मागत बसणार व्हय आता?"

त्या दिवशी प्रोग्राम चाललाच नाही, परत आलो. त्यानंतर जे जे शिकलो ते सगळं इथं क्रमानं लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुणाला कस्टमरसमोर तसं उभं राहायला लागू नये.

आधी आमच्या प्रोग्राममध्ये काय आहे ते सांगतो म्हणजे पुढचं समजेल. कास्टिंग कुठं आधी गोठतं आणि कुठं शेवटी, म्हणजे श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) कुठं येईल, याचं गणित जुन्या फोर्ट्रान ७७ मध्ये. थ्रीडी मॉडेल वाचून त्याचे बारीक चौकोनी तुकडे करणं सी प्लस प्लसमध्ये. आणि ऑपरेटरला दिसणारी खिडकी, बटणं, रंगीत चित्र पायथॉनमध्ये. मी एरवी उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) काम करतो, राजारामपुरीत बसणारा माझा पार्टनर मॅकवर, आणि कस्टमर सगळेच्या सगळे विंडोजवर. सगळं एका भाषेत परत लिहायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण वर्षानुवर्षं वापरून तपासलेलं गणित केवळ भाषा जुनी म्हणून फेकून द्यायचं हे मला पटत नाही.

आधी ड्रॉइंग

उद्यमनगरात पॅटर्नवाला वेगळा, फाउंड्री वेगळी, मशीन शॉप वेगळं, आणि तिघं कधी एका टेबलावर बसत नाहीत तरी जॉब बरोबर बसतो कारण तिघांच्या हातात ड्रॉइंग एकच असतं. आपल्याकडं ते ड्रॉइंग म्हणजे सीची हेडर फाइल, कुठलं फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं याची यादी. फोर्ट्रान, सी प्लस प्लस, रस्ट, पायथॉन, सगळ्यांना सीचे फंक्शन कॉल समजतात, त्यामुळं भाषा कुठल्याही असू देत, मधला सांधा कायम साध्या सीमध्येच ठेवायचा. माझे निम्म्याहून जास्त एरर या सांध्यातच निघालेत, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

हेडरमध्ये आकड्यांचे टाइप पक्के लिहा. सीमधला लाँग ६४ बिट लिनक्सवर आणि मॅकवर ८ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर मात्र ४ बाइटचाच. म्हणजे तुमच्याकडं बरोबर चाललेला ॲरे विंडोजवर गेला की अर्धा कचरा वाचतो. लाँग टाळा आणि स्टँडर्ड इंट हेडरमधले ३२ बिट, ६४ बिट असं नावातच लिहिलेले टाइप वापरा. लाँग डबल तर सांध्यावर आणूच नका, त्याची साइज कंपायलरगणिक (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलते. हो-नाहीसाठी पण ३२ बिट इंटिजरच पाठवा, कारण फोर्ट्रानचा लॉजिकल साधारण ४ बाइटचा आणि सीचा बूल १ बाइटचा, उगाच भानगड. पायथॉनच्या बाजूला नमपायचा (पायथॉनची आकड्यांच्या ॲरेची लायब्ररी) पण असाच एक खड्डा आहे, विंडोजवर त्याचा डीफॉल्ट इंटिजर २०२४ मध्ये आलेल्या २.० व्हर्जनपर्यंत ३२ बिटचा होता आणि नंतर ६४ बिटचा झाला, म्हणून ॲरे बनवताना टाइप दरवेळी स्वतः लिहा.

दुसरं, मेमरी ज्यानं घेतली त्यानंच सोडायची. विंडोजवर दोन डीएलएल वेगवेगळ्या सी रनटाइमला (प्रोग्राम चालताना लागणारी सीची मूळ लायब्ररी) जोडलेल्या असू शकतात, मग एकीनं घेतलेली मेमरी दुसरीनं फ्री केली की प्रोग्राम तिथंच कोसळतो. मी सरळ पायथॉनमध्ये नमपायचा ॲरे बनवतो, त्याचा पॉइंटर आणि लांबी आत पाठवतो, आतला कोड फक्त भरतो. आत काहीच अलोकेट होऊन बाहेर येत नाही, त्यामुळं कोण सोडणार हा प्रश्नच उरत नाही.

तिसरं, एरर फक्त इंटिजर कोडनं बाहेर काढायचे. सी प्लस प्लसचं एक्सेप्शन सांध्यावरनं पलीकडं जाऊ द्यायचं नाही, बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक फंक्शनमध्ये सगळं पकडून आकडा रिटर्न करा.

चौथं, लायब्ररीनं फाइलला हातच लावायचा नाही. हे थोडं विचित्र वाटेल पण ऐका. एका कस्टमरच्या पीसीवर फोल्डरचं नाव मराठीत होतं, पंपाच्या बॉडीचं मॉडेल त्यात ठेवलेलं. पायथॉनला ते फोल्डर दिसत होतं पण सी प्लस प्लसला फाइल उघडताच येईना, कारण विंडोजवर साध्या फाइल उघडायच्या फंक्शनला यूटीएफ-८ मधला देवनागरी पाथ दिला तर ते तो सिस्टिमच्या जुन्या कोड पेजमध्ये वाचतात. लिनक्सवर हा प्रकार कधी दिसलाच नव्हता. आता फाइल पायथॉनच उघडतो, त्यातले बाइट आत पाठवतो, मराठी नावाचं फोल्डर चालतंय आणि माणसांना आपल्या भाषेत फोल्डरला नाव देता येतंय. टेक्स्ट फाइल वाचताना पण एनकोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, विंडोजवर डीफॉल्ट वेगळं असू शकतं.

जुन्या फोर्ट्रानला सांध्यावर आणताना

फोर्ट्रान कंपायलर फंक्शनचं नाव आपल्या मनानं बदलतो, जीफोर्ट्रान (आम्ही वापरतो तो फुकटचा फोर्ट्रान कंपायलर) सगळं लहान लिपीत करून शेवटी एक अंडरस्कोर लावतो, दुसरे कंपायलर दुसरं काही करतात. पूर्वी लोक सीमध्ये हाताने तो अंडरस्कोर लिहायचे, ते करू नका. फोर्ट्रान २००३ पासून आयएसओ सी बाइंडिंग नावाचं मॉड्यूल आहे, त्यात सीचे टाइप मिळतात आणि बाइंड सी लिहून नाव जसंच्या तसं ठेवता येतं. जुन्या सबरूटीनना हात न लावता वर एक नवीन पातळ फाइल लिहा, ती बाइंड सी वापरते आणि आत जुनं सबरूटीन बोलावते. साध्या आकड्यांना व्हॅल्यू हा शब्द लावायला विसरू नका, नाहीतर फोर्ट्रान पत्त्याची वाट बघत बसतो आणि सी आकडा पाठवतो. स्ट्रिंग शक्यतो पाठवूच नका, फोर्ट्रान त्यासोबत लांबीचा एक न दिसणारा आर्ग्युमेंट धरतो.

जुना कोड नवीन जीफोर्ट्रानवर पहिल्यांदा टाकला की तीन गोष्टी हमखास येतात. जीसीसी (जीफोर्ट्रान ज्यात येतो तो कंपायलरचा संच) १० पासून आर्ग्युमेंटचे टाइप जुळले नाहीत की सरळ एरर येतो, आधी वॉर्निंग यायची. त्यासाठी अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच नावाचा फ्लॅग आहे, पण तो तात्पुरताच वापरा आणि एकेक कॉल दुरुस्त करत चला, आम्हाला त्यातच एक खरा बग सापडला. दुसरं, जुन्या फिक्स्ड फॉर्म फाइलमध्ये ७२ व्या कॉलमच्या पुढचं काहीही कंपायलर वाचत नाही, कुणी नंतर ओळ लांबवली असेल तर शेवटचा तुकडा गुपचूप गायब होतो. आणि तिसरं म्हणजे स्टॉप. जुन्या कोडमध्ये आकडा चुकीचा आला की सरळ स्टॉप लिहिलेलं असतं, पूर्वी तो एकटा प्रोग्राम होता तेव्हा ठीक होतं, आता तो पायथॉनच्या पोटात चालतोय, त्यामुळं स्टॉप आला की ऑपरेटरची पूर्ण खिडकी काही न बोलता बंद होते आणि त्याला वाटतं त्याचंच काहीतरी चुकलं. सगळे स्टॉप शोधा आणि त्या जागी एरर कोड भरून रिटर्न करा. आमच्या कोडमध्ये हे करायला दोन दिवस गेले, पण ते दोन दिवस सत्कारणी लागले.

मोठे लोकल ॲरे असतील तर तेही अलोकेटेबल करा. स्टॅकची, म्हणजे फंक्शनच्या आतल्या लोकल गोष्टींची, जागा लिनक्सवर साधारण ८ एमबी मिळते, विंडोजवर बरीच कमी, त्यामुळं मोठं कास्टिंग घेतलं की फक्त विंडोजवर क्रॅश.

आता सगळ्यात वाईट बग सांगतो. फोर्ट्रान ॲरे कॉलमच्या क्रमानं साठवतो, सी आणि नमपाय रांगेच्या क्रमानं. आम्ही टेस्टसाठी दहा बाय दहा बाय दहाचा ठोकळा घेतला होता, उत्तर तिन्ही ओएसवर (ऑपरेटिंग सिस्टिम) बरोबर, आम्ही खूश. मग खरं पंपाचं कास्टिंग टाकलं तर शेवटी गोठणारा भाग जाड बॉसमध्ये (कास्टिंगचा बाहेर आलेला जाड भाग) दिसायच्या ऐवजी पातळ फ्लँजवर (कडेची पट्टी) दिसायला लागला, तापमानाचे आकडे सगळे बरोबर, जागा मात्र फिरलेली. पॅटर्नच्या माणसानं स्क्रीनकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "इथं श्रिंकेज येऊच शकत नाही." त्याचं बरोबर होतं. ठोकळा तिन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळं एक्स आणि झेडची अदलाबदल टेस्टमध्ये दिसलीच नव्हती. तेव्हापासून टेस्टचा ॲरे कायम दोन बाय तीन बाय पाच असा वेडावाकडा घेतो आणि प्रत्येक खान्यात वेगळा आकडा भरतो. नमपायमध्ये ॲरे बनवताना ऑर्डर एफ दिली की क्रम फोर्ट्रानचा होतो, एकदाच ठरवा आणि हेडरमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवा.

कुठल्या ओएसवर कुठला कंपायलर

लिनक्सवर सोपं आहे, जीसीसी, जी प्लस प्लस, जीफोर्ट्रान तिन्ही एकाच व्हर्जनचे घ्या, विषय संपला. मॅकवर ॲपलच्या क्लँगसोबत फोर्ट्रान येत नाही, होमब्रूमधनं जीसीसी पॅकेज घातलं की त्यात जीफोर्ट्रान मिळतो, सी प्लस प्लस ॲपलच्या क्लँगनं आणि फोर्ट्रान याच्यानं केलं तरी सांधा सीचा असल्यामुळं नीट बसतं.

विंडोजवर विचार करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत फोर्ट्रान नाही, आणि व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रोजेक्टमध्ये जीफोर्ट्रान बसवता येत नाही. इंटेलचा फोर्ट्रान फुकट मिळतो आणि तो तिथं बसतो, तो एक रस्ता आहे. आम्ही दुसरा घेतला, एमसिस२ नावाचं पॅकेज घालायचं, त्यातलं यूसीआरटी६४ वातावरण उघडायचं आणि तिथले मिनजीडब्ल्यूचे तिन्ही कंपायलर वापरून सगळं एकाच डीएलएलमध्ये बांधायचं. पायथॉन स्वतः मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं बनलेला असतो, पण आपण त्याच्याशी फक्त सी फंक्शननं बोलतो म्हणून अडत नाही. मिनजीडब्ल्यू आणि मायक्रोसॉफ्ट यांचे सी प्लस प्लसचे क्लास मात्र एकमेकांत कधीही मिसळू नका, लिंकच होत नाही.

पायथॉनमधनं डीएलएल उघडायला आम्ही सीटाइप्स वापरतो, सीची फंक्शन बोलवायचं पायथॉनचं मॉड्यूल. त्यात एक सवय लावून घ्या, प्रत्येक फंक्शनचे आर्ग्युमेंट टाइप आणि रिटर्न टाइप दोन्ही लिहायचेच. नाही लिहिलं तर तो रिटर्नला साधा इंट समजतो, मग डबल परत आला तर भलताच आकडा, आणि पॉइंटर परत आला तर वरचे ३२ बिट कापून टाकतो.

सीमेक

तीन ओएससाठी तीन मेकफाइल (काय कसं कंपाइल करायचं याच्या सूचना) सांभाळायच्या नाहीत, सीमेक वापरा, एकाच फाइलमधनं तो प्रत्येक ओएसच्या सूचना तयार करतो. प्रोजेक्टच्या ओळीत सी, सी प्लस प्लस आणि फोर्ट्रान तिन्ही भाषा लिहिल्या की कुठल्या भाषेची रनटाइम लायब्ररी लिंक करायची ते तो स्वतः बघतो, हाताने जीफोर्ट्रान लायब्ररीचं नाव लिहू नका, ते मॅकवर हमखास अडतं. जनरेटर म्हणून, म्हणजे सीमेकच्या सूचना प्रत्यक्ष चालवायला, निन्जा घ्या, १.१० किंवा त्यापुढचं व्हर्जन, कारण फोर्ट्रानची मॉड्यूल कुठल्या क्रमानं कंपाइल करायची हे त्याला तिथनं पुढं नीट समजतं. फोर्ट्रान सी इंटरफेस नावाचं सीमेकचं मॉड्यूल आहे, त्यातली व्हेरिफाय कमांड सुरुवातीलाच लावा, दोन्ही कंपायलरचं जमतंय का ते बिल्डच्या आधीच कळतं. बिल्ड कायम वेगळ्या फोल्डरमध्ये. आणि प्रत्येक ओएसचे फ्लॅग प्रीसेटच्या जेसन फाइलमध्ये लिहून गिटमध्ये (कोडच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाका, सीमेक ३.१९ पासून ही सोय आहे, म्हणजे मी आणि पार्टनर दोघं एकच कमांड मारतो आणि फोनवर "तू कुठला फ्लॅग दिलावतास" हे विचारायची वेळ येत नाही.

बाहेर दिसणारी फंक्शन निवडून ठरवा. लिनक्सवर सगळंच बाहेर दिसतं, मायक्रोसॉफ्टच्या लिंकरवर सांगितल्याशिवाय काहीच दिसत नाही. सीमेकचं जनरेट एक्स्पोर्ट हेडर यासाठीच आहे, आणि लिनक्स-मॅकवर व्हिजिबिलिटी हिडन ठेवा म्हणजे तिन्हीकडं वागणं सारखं राहतं.

गिटमध्ये ॲट्रिब्यूट्सची फाइल टाकून ओळीचा शेवट एलएफ ठरवून टाका, नाहीतर विंडोजवरनं गेलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर इंटरप्रिटर सापडत नाही म्हणते आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. फाइलची नावं सगळी लहान लिपीत ठेवा, विंडोज आणि मॅकला कॅपिटलचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. विंडोजवर प्रोजेक्ट सी ड्राइव्हच्या वरच ठेवा, २६० अक्षरांची पाथची मर्यादा अजून बऱ्याच टूलना अडवते.

सगळं सोबत न्यायचं

शिरोलीत जे झालं ते इथं चुकलेलं. ज्या विंडोजवर मी बिल्ड केलं तिथं कंपायलर होता म्हणून त्याच्या डीएलएल पण होत्या, त्यांच्याकडं कंपायलर कशाला असेल? विंडोजसाठी लिंक करताना स्टॅटिक फ्लॅग द्या, म्हणजे जीफोर्ट्रान, क्वाडमॅथ, जीसीसी, सी प्लस प्लसची रनटाइम आणि विनपीथ्रेड सगळं आपल्याच डीएलएलच्या पोटात जातं. मग ऑब्जडंप चालवून डीएलएल कुणाकुणावर अवलंबून आहे ती नावं वाचा, फक्त विंडोजची स्वतःचीच नावं उरली पाहिजेत. लिनक्सवर तेच काम एलडीडी करतो, मॅकवर ओटूल.

वेगळ्या डीएलएल ठेवायच्याच असतील तर लक्षात ठेवा, पायथॉन ३.८ पासून विंडोजवर त्या पाथ व्हेरिएबलमध्ये शोधल्या जात नाहीत, ओएस मॉड्यूलमधलं ॲड डीएलएल डिरेक्टरी बोलवावं लागतं. लिनक्सवर आरपाथमध्ये (लायब्ररी कुठं शोधायची ते लिहायची जागा) डॉलर ओरिजिन आणि मॅकवर ॲट लोडर पाथ लिहिलं की लायब्ररी आपल्या शेजारच्याच फोल्डरमध्ये बघते.

लिनक्सवर बिल्ड जुन्या सिस्टिमवर करायचं. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे, तिथं बांधलेलं २०.०४ वर न्याल तर तिथं २.३१ आहे, मग व्हर्जन सापडत नाही म्हणून अडतं. उलट दिशेनं चालतं. म्हणून कंटेनरमध्ये जुनं लिनक्स घेऊन त्यात बांधा, मेनीलिनक्सच्या तयार इमेज त्यासाठीच आहेत. मॅकवर डिप्लॉयमेंट टार्गेट ठरवा आणि २०२० च्या एम१ पासूनचे आर्म मॅक अन् जुने इंटेल मॅक, दोन्हीसाठी वेगळं बिल्ड काढा.

आणि तपासणी कोऱ्या मशीनवर. आम्ही एक जुना विंडोज पीसी फक्त यासाठी ठेवलाय, त्यावर कंपायलर नाही, वेगळा बसवलेला पायथॉन नाही, एमसिस नाही. त्यावर चाललं तरच पेन ड्राइव्ह गाडीच्या डिकीत जातो. प्रोजेक्टच्या शेवटी नका करू हे, पहिल्याच आठवड्यात एकच फंक्शन असलेली डीएलएल घेऊन करा. आमचं ते पहिलं फंक्शन श्वोरिनोव्हच्या नियमाचं आहे, १९४० सालचा नियम, गोठायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठभाग याच्या वर्गाच्या प्रमाणात. १० सेंटीमीटरचा घन, आकारमान १०००, पृष्ठभाग ६००, मोल्डचा स्थिरांक २ धरला तर उत्तर ५.५६ मिनिटं आलं पाहिजे, पायथॉनपासून फोर्ट्रानपर्यंत जाऊन परत. हा एक आकडा तिन्ही ओएसवर आला की पाया बसला समजा, मग खरं गणित आणा.

ही टेस्ट आणि तो दोन-तीन-पाचचा ॲरे आता गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबची आपोआप टेस्ट चालवायची सोय) प्रत्येक पुशला, म्हणजे कोड वर चढवला की, उबुंटू, विंडोज आणि मॅक अशा तिन्ही मशीनवर आपोआप चालतात. उत्तरं तंतोतंत सारखी आहेत का असं तपासू नका, दशांशातले शेवटचे अंक कंपायलरगणिक थोडे हलतात, आम्ही एक कोटीत एक इतका फरक चालवून घेतो. फास्ट मॅथ (वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा) हा फ्लॅग मात्र लावू नका, त्यानं फरक किती वाढेल सांगता येत नाही.

राहिलं एक छोटं काम. हेडरमध्ये एक फंक्शन ठेवा जे व्हर्जनचा आकडा परत देतं, आणि बिल्डच्या वेळी सीमेकनं तिथं आकडा भरायचा. पायथॉननं सुरू होतानाच तो विचारायचा, आपल्याशी जुळला नाही तर पुढं जायचं नाही आणि ऑपरेटरला मराठीत तसं सांगायचं, कारण नवीन खिडकी आणि जुनी डीएलएल एकत्र राहिली की आकडे चुकतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. तोच आकडा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात दाखवा. गोकुळ शिरगावातनं फोन आला की मी आधी तोच वाचायला सांगतो, आणि मग त्याच आकड्याचं बिल्ड त्या कोऱ्या पीसीवर उघडून बसतो.